स्पेशियल लॅग घ्यावा की स्पेशियल एरर? (सातारा-सांगलीचे 21 तालुके)

सिंचनाचा बिगरशेती रोजगारावर काय परिणाम होतो, हे तुम्ही साध्या ओएलएसने (नेहमीच्या रिग्रेशनने) काढलंत, अवशेषांचा (मॉडेलने न पकडलेल्या फरकांचा) मोरान्स आय, म्हणजे शेजारी किती सारखे याचं माप, धन आणि लक्षणीय आला, आणि आता लॅग (शेजाऱ्याचा रोजगार आपल्या रोजगारावर परिणाम करतो असं मानणारं मॉडेल) की एरर (फक्त न मोजलेली कारणं शेजाऱ्यांत सारखी आहेत असं मानणारं) यावर अडलात. चाचण्या राहू द्या बाजूला. शेजारचे तालुके सारखे का दिसतात, ते आधी ठरवा.

माण, आटपाडी, जत सारखे दिसतात कारण तिघंही पर्जन्यछायेत. यात कुणाचा कुणावर परिणाम नाही. पाऊस मॉडेलमध्ये घेतला की यातलं बरंच दुखणं कमी होईल. तरी उरलं तर एरर मॉडेल. इथे ओएलएसचे गुणक सहसा पूर्वग्रहित (एका बाजूला झुकलेले) नसतात, पण प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत याचं माप) फसवतात.

कडेगावचं तसं नाही. तिथे टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं की शेतकरी ठिबक, पाइप, ट्रॅक्टरचे सुटे भाग घ्यायला विट्याला जाऊ शकतो, आणि विटा खानापूर तालुक्यात. म्हणजे सिंचन एकीकडे, दुकानातली नोकरी दुसरीकडे. हे वगळलंत तर गुणकच चुकू शकतो.

पण म्हणून थेट लॅग मॉडेलवर उडी मारू नका. त्यात परिणाम शेजाऱ्याच्या शेजाऱ्यापर्यंत झिरपत जातो असं गृहीत धरलेलं असतं, आणि गुणक तसाच वाचता येत नाही, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष परिणाम वेगळे काढावे लागतात. 21 ओळींवर एवढा डोलारा पेलत नाही. लॅग की एरर हे सुचवणाऱ्या एलएम चाचण्याही मोठ्या नमुन्यासाठीच्या आहेत, त्यांच्या लक्षणीयतेच्या तारका बघून निवड करणं मला पटत नाही. मी तरी आधी शेजारच्या तालुक्यांचं सरासरी सिंचन हा एक जादा चल घालून (एसएलएक्स) साधं ओएलएसच चालवीन.

खरी मेख भार-मॅट्रिक्सची, म्हणजे कोण कुणाचा शेजारी आणि किती, या तक्त्याची. जिओडा हे सॉफ्टवेअर सीमेवरून शेजार आपोआप काढून देतं. पण टेंभूचं पाणी कऱ्हाड तालुक्यात उचललं जातं आणि आटपाडीपर्यंत पोचतं. या दोघांची हद्द कुठेच लागत नाही. पंप थांबले की कडेगाव, खानापूर, आटपाडी एकदमच कोरडे. तेव्हा एररसाठी एकाच उपसा योजनेवरचे तालुके जोडा, बाजाराच्या परिणामासाठी रस्त्याचं अंतर घ्या. दोन्हीकडे एकच मॅट्रिक्स कशाला? फक्त भार रोजगारावरून किंवा उलाढालीवरून ठरवू नका, नाहीतर उत्तरच प्रश्नात शिरेल.

आणि जतचा निम्मा शेजार कर्नाटकात आहे. तिकडचे तालुके निदान सिंचनाच्या आकड्यांपुरते तरी आत घ्या.