ॲनोटेशन म्हणजे नुसती कारकुनी आहे का?

तुम्ही विचारलंय: उत्क्रांतीवर काम करायचं म्हणून लॅबमध्ये आलात, गाईडनी एका किडीचा नवा जीनोम (तिच्या सगळ्या डीएनएचा वाचलेला मजकूर) हातात दिला, आणि पाच महिने झाले तरी ॲनोटेशनच, म्हणजे त्या मजकुरात जनुकं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे नोंदवणंच, चाललंय. पाइपलाइन, म्हणजे जनुकं शोधणाऱ्या प्रोग्रामची साखळी, चालवली की जनुकांची यादी मिळतेच, मग ती एकेक उघडून तपासत बसणं ही कारकुनी नाही तर काय? यात संशोधन कुठे आहे?

मी गेली काही वर्षं कीटकांच्या जीनोमवर काम करते. पहिल्या वर्षी मलाही अगदी हेच वाटायचं. आता मात्र ठामपणे सांगते, तुमच्या उत्क्रांतीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच कामात ठरतं. "हे जनुक या वंशात नव्याने आलं", "ते नाहीसं झालं", "या कुळातली जनुकं वाढली" ही सगळी विधानं त्या यादीवर उभी असतात. आणि ती यादी हा अंदाज असतो.

अंदाज का, ते सांगते. मोडीतला जुना कागद कधी पाहिलाय? ओळभर रेघ, तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली अक्षरं, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे रुमालच्या रुमाल आहेत. कागदाचा स्वच्छ फोटो मिळाला म्हणून तो वाचून झाला असं मोडीचा जाणकार कधी म्हणणार नाही. शब्द कुठे तोडायचा, हे नाव गावाचं की माणसाचं, हे त्याला मागचापुढचा संदर्भ लावूनच ठरवावं लागतं. सीक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनएची अक्षरं यंत्राने वाचून, आपल्याला तो फोटो मिळतो. प्रथिनाचं जनुक एटीजी या तीन अक्षरांनी सुरू होतं खरं, पण ए, टी, जी, सी या चारच अक्षरांच्या मजकुरात एटीजी नुसत्या योगायोगानेही साधारण दर ६४ अक्षरांमागे एकदा येणार. इंट्रॉन, म्हणजे जनुकाच्या मधला, प्रथिन बनण्याआधी कापून टाकला जाणारा तुकडा, बहुतेक वेळा जीटीने सुरू होतो आणि एजीने संपतो, पण ही दोन अक्षरं तर पावलोपावली सापडतात. यातली खरी कुठली, हे प्रोग्राम संभाव्यतेने ठरवतो. त्याचं उत्तर मात्र नीटनेटक्या फाइलमध्ये, प्रत्येक जनुकाला नंबर देऊन येतं, आणि तो नंबर पाहिला की हा अंदाज आहे हेच आपण विसरतो.

मधमाशीचं उदाहरण घ्या. मेलिफेरा या जातीच्या मधमाशीचा जीनोम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जनुकांच्या अधिकृत यादीत १०,१५७ जनुकं होती. फळमाशीची तेरा हजारांच्या वर. इतकं गुंतागुंतीचं समाजजीवन असलेल्या माशीकडे फळमाशीपेक्षा कमी जनुकं, याचा अर्थ लावायचा मोह कुणालाही झाला असता. पुढे जीनोम नव्याने जुळवला, वेगवेगळ्या ऊतींमधला आरएनए (वापरात असलेल्या जनुकांची नक्कल) वाचला, आणि तुलनेला भुंगमाशीचा आणि आपल्याकडे झुडपांवर पोळं करणाऱ्या फुलोरी माशीचा जीनोम घेतला. २०१४ च्या सुधारित यादीत १५,३१४ जनुकं निघाली. म्हणजे पाच हजारांवर वाढ! माशी तीच होती. पहिल्या यादीवरून कुणी "मधमाशीत नाहीशी झालेली जनुकं" असा तक्ता काढला असता, तर त्यातली बरीचशी माशीतून गेलेली नसती, आपल्या फाइलमधून गेलेली असती.

पण त्याच २००६ मध्ये, त्याच पहिल्या जीनोमवर, इलिनॉय विद्यापीठाचे ह्यू रॉबर्टसन आणि केविन वॉनर यांनी गंध आणि चव ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनांची जनुकं हाताने ॲनोटेट केली. गंधग्राहक निघाले १७०, चवीचे फक्त १०. फळमाशीत गंधग्राहकांची जनुकं साठ आहेत. वास वाढला, चव आटली, हा निष्कर्ष उत्क्रांतीच्या दृष्टीने केवढा तरी बोलका आहे, आणि तो उभा आहे तो कुणीतरी एकेका जनुकाचा एक्सॉन न् एक्सॉन (इंट्रॉन कापल्यावर उरणारा तुकडा) डोळ्यांखालून घातला म्हणून. मी या क्षेत्रात आले ती हे काम वाचून, त्यामुळे त्याबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे.

ही जनुकं प्रोग्रामला चकवतात, कारण ती एकामागे एक रांगेत उभी असतात, एकमेकांसारखी दिसतात, आणि त्यांचा आरएनए अगदी थोडा बनतो, तोही मुख्यतः मिशांमध्ये. माझ्या पहिल्या किडीत अशीच एक रांग होती. प्रोग्रामने तिथे एक लांबलचक जनुक दाखवलं होतं, बाराशेच्या आसपास अमिनो आम्लांचं. कीटकांचा गंधग्राहक साधारण चारशेचा असतो आणि पेशीपटलातून सात वेळा आरपार जातो. या जनुकाच्या प्रथिनाचे आरपार जाणारे पट्टे मोजले तर भरले एकवीस. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जीनोम ब्राउझर उघडला. वर जीनोमची पट्टी, तिच्याखाली प्रोग्रामचं मॉडेल, म्हणजे त्याने कल्पिलेला जनुकाचा आराखडा, त्याखाली मिशांमधल्या आरएनएचे रीड्स, म्हणजे वाचलेले छोटे तुकडे. रीड्सचे तीन वेगळे ढीग होते, मधे मोकळी जागा. पहिल्या ढिगाच्या शेवटी टीएए, म्हणजे थांबा, अगदी ठळक दिसत होता. प्रोग्रामने तो टीएए एका खोट्या इंट्रॉनमध्ये ढकलून पुढच्या जनुकाशी सांधा जोडला होता. तीन ग्राहकांचा एक करून टाकला होता.

त्याच रांगेच्या टोकाला दोन एक्सॉनचं चिमुकलं जनुक होतं. कुठल्याच किडीत त्याचा नातलग सापडत नव्हता, म्हणून आमच्या तक्त्यात त्याची नोंद "या जातीत नव्याने जन्मलेलं जनुक" अशी झाली होती. ते शेजारच्या ग्राहकाचं तुटलेलं शेपूट निघालं, आणि तेही चुकीच्या चौकटीत, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट चुकीच्या अक्षरापासून पाडून, वाचलेलं. म्हणजे बघा, एका रांगेतल्या दोन चुकांनी दोन जनुकं "हरवली" आणि एक "जन्माला आलं". मूळ किडीत यातलं काहीच घडलं नव्हतं. ती रांग सोडवायला मला चार दिवस लागले. ते चार दिवस उत्क्रांतीचंच संशोधन होतं, असं मी आजही मानते.

हे फक्त माझ्या किडीपुरतं नाही. २०२२ मध्ये वाइसमन, मरे आणि एडी या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं: तुलनेतल्या काही जातींचं ॲनोटेशन एका पद्धतीने आणि बाकीच्यांचं दुसऱ्या पद्धतीने केलेलं असलं, तर काय होतं? "फक्त याच वंशात आहेत" अशी दिसणारी जनुकं फुगतात, काही तुलनांमध्ये तर १५ पटींपर्यंत. म्हणून तुमचा मुख्य प्रश्न तुलनेचा असेल तर डेटाबेसमधून प्रत्येक जातीची तयार यादी उचलू नका. तुलनेतल्या सगळ्या जीनोमवर एकच पाइपलाइन, त्याच सेटिंगने, स्वतः चालवा. आणि एखादं जनुक एका जातीत "नाही" असं दिसलं, तर नुसत्या प्रथिनांच्या यादीत शोधून थांबू नका. शेजारच्या जातीतलं प्रथिन घेऊन थेट जीनोमच्या अक्षरांमध्ये शोधा. तिथे ते निम्म्या वेळा तरी सापडतं, हा माझा अनुभव.

तपासणी ॲनोटेशनच्याही आधी सुरू व्हायला हवी. २०१५ मध्ये पाणअस्वलाच्या जीनोमवर एक शोधनिबंध आला: या सूक्ष्म प्राण्याची सहापैकी एक जनुकं, सुमारे १७ टक्के, जीवाणू वगैरे परक्या जीवांकडून आली आहेत. जगभर बातम्या झाल्या, कारण कोरडं पडून पुन्हा जिवंत होणाऱ्या प्राण्याला ही गोष्ट शोभण्यासारखी होती. एडिनबराच्या गटाकडे त्याच जातीचा स्वतंत्रपणे वाचलेला जीनोम होता. त्यांनी काही दिवसांतच दाखवून दिलं की त्यातले बहुतेक तुकडे पाणअस्वलाचे नव्हतेच, नमुन्यात मिसळलेल्या जीवाणूंचे होते. खरी उसनी जनुकं एकदोन टक्के, फार तर. मला यात आवडतं ते हे, की दोन्ही गटांनी कच्ची माहिती खुली ठेवली होती, म्हणून चूक महिन्याभरात उघडी पडली. तुमच्या किडीच्या पोटातही जीवाणू आहेतच. प्रत्येक तुकड्यातलं जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण आणि त्यावर किती रीड्स बसतात हे मांडून बघा. परके तुकडे बहुतेक वेळा वेगळा पुंजका करून बसलेले दिसतात.

आता मेलेल्या जनुकांबद्दल. माझ्या मते यात सगळ्यात जास्त मजा आहे आणि प्रोग्राम इथेच सगळ्यात जास्त घोटाळा करतो. त्याला जनुक जिवंत करायची इतकी हौस असते की मधला थांबा दिसला की तो इंट्रॉन कल्पून त्यावरून उडी मारतो. पण ते मोडकेपणच आपला पुरावा असतं. आपण क जीवनसत्त्व शरीरात बनवू शकत नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या शेवटच्या एन्झाइमचं जनुक आपल्यात मोडलेलं आहे. वानर आणि माकडांमध्येही ते मोडलेलं आहे. गिनीपिगमध्येही मोडलंय, पण वेगळ्या जागी, स्वतंत्रपणे. म्हणजे एकाच जागची सारखी मोडतोड दिसली, तर ती समान पूर्वजाकडून आली असं धरता येतं. हस्तलिखितांचा अभ्यास करणारे हीच युक्ती वापरतात. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हजारावर हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. अशा कामात शुद्ध पाठ सारखा असण्याने फारसं सिद्ध होत नाही. एकच चूक एकाच जागी दोन पोथ्यांत सापडली, तर त्या एकाच पोथीवरून उतरल्या असं धरतात. तुमच्या पाइपलाइनने ती चूक "दुरुस्त" करून टाकली, तर नात्याचा पुरावाच पुसला जातो.

तुमच्या मनातली दुसरी शंका, जी तुम्ही नीट विचारली नाहीत पण मला जाणवली: या कामाचं श्रेय मिळतं का? कमी मिळतं. माझ्या हाताने दुरुस्त केलेल्या जनुकांवर पुढे एका शोधनिबंधाची मुख्य आकृती उभी राहिली आणि माझं नाव आभारात गेलं. तो सल अजून आहे. म्हणून सांगते, लेखकांत नाव कुणाचं आणि कशासाठी हे गाईडशी आत्ताच बोलून घ्या, आणि कुठल्या मॉडेलमध्ये काय बदललं, कुठल्या पुराव्यावरून, याची तारीखवार नोंद ठेवा. ती नोंद पुरवणी म्हणून छापता येते. दुरुस्त मॉडेल सार्वजनिक डेटाबेसला पाठवा, नाहीतर जुनी चूक त्या नंबराखाली वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या तक्त्यात उतरत राहते. यादी एक्सेलमध्ये उघडताना तेवढं सांभाळा. तिथे काही जनुकांची नावं तारखा होऊन बसायची, म्हणून शेवटी २०२० मध्ये माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलावी लागली.

सगळी पंधरा-वीस हजार जनुकं हाताने बघायची गरज नाही, ते कुणालाच शक्य नाही. ज्यांच्यावर तुमचा निष्कर्ष उभा राहणार आहे, ती बघा. उद्या सुरुवात करायची तर तीन गट काढा: नेहमीपेक्षा फार लांब निघालेली, एकच एक्सॉन असलेली, आणि कुठल्याच जातीत नातलग नसलेली. प्रत्येकातली पंचवीस-पंचवीस ब्राउझरमध्ये आरएनएच्या रीड्ससकट उघडा. कुठे सांधा संशयास्पद वाटला, तर तो तुकडा आणि स्क्रीनशॉट इथे खाली टाका, मी बघून सांगते.