लॅबमध्ये काम करते, बाळाला काही होईल का?

बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन पॅथॉलॉजी लॅबमधल्या मुली येतात, आणि गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेतल्याही येतात. त्यातल्या एका केमिस्टची ही गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा सातवा आठवडा चालू होता. सासूबाईंनी बजावलं होतं, तीन महिने होईपर्यंत कुठं बोलायचं नाही. त्यामुळे कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं आणि काम नेहमीसारखंच चालू होतं. रात्री ती मोबाईलवर एकेका रसायनाचं नाव टाकून वाचत बसायची. सल्फ्युरिक ॲसिडच्या कपाटासमोरून जाताना श्वास रोखून धरायची. "नोकरी सोडू काय, मॅडम?" एवढंच तिला विचारायचं होतं.

"काही होणार नाही" असं मी अशा वेळी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, आणि तो धीर कारखान्याच्या गेटपर्यंतसुद्धा टिकत नाही. मी तिला म्हटलं, तुझ्या कामाची एक पाळी मला पहिल्यापासून सांग. हाताने काय उचलतेस, काय ओततेस, हात कधी धुतेस, चहा कुठं पितेस.

ॲसिडबद्दल ती बराच वेळ बोलली. मग उसाच्या रसाची 'पोल', म्हणजे रसातलं साखरेचं प्रमाण, काढायची रीत सांगताना सहज म्हणाली, "रसात चिमूटभर ड्राय लेड टाकायचं, हलवायचं, गाळायचं आणि पोलॅरीमीटरवर रीडिंग घ्यायचं." हे ड्राय लेड म्हणजे शिशाचं ॲसिटेट, रस निवळायला टाकतात ती पांढरी पूड. मी तिथंच थांबवलं. ती चकित झाली. "त्याला तर वासच येत नाही की ओ! मी रोज त्याच टेबलावर असतो."

बहुतेकींची भीती अशीच वासाच्या मागे जाते. सांद्र ॲसिडने कातडी भाजते, डोळा जातो, म्हणून जपायलाच हवं. पण तो धोका सगळ्यांना सारखाच. शिसं मात्र धुळीतून, बोटांवरून तोंडात जातं, रक्तात उतरतं आणि वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचतं. त्याच्या वाढत्या मेंदूला ते घातक असतं. वर्षानुवर्षं हाडांत साठलेलं शिसंही गरोदरपणात पुन्हा रक्तात येऊ शकतं. रसाचे नमुने टिकवायला मर्क्युरिक क्लोराईड (पाऱ्याचा क्षार) किंवा फॉर्मेलिन वापरत असतील, तर तेही विचारायला हवं. पॅथॉलॉजीतल्या मुलींनी फॉर्मेलिन आणि झायलीन या द्रावकाबद्दल विचारावं. साध्या मास्कने त्यांची वाफ अडत नाही.

प्रत्येक रसायनासोबत पुरवठादाराचं सुरक्षा माहितीपत्रक असतं. त्याच्या दुसऱ्या भागात धोक्याचे संकेत असतात. 'एच360' दिसलं, तर ते प्रजननक्षमतेला किंवा पोटातल्या बाळाला इजा करू शकतं असा अर्थ. तिने दुसऱ्याच दिवशी ड्राय लेडचं पत्रक मागून घेतलं. संकेत तिथं होता.

आता अडचण घरातली होती. बाळाचे अवयव मुख्यतः गर्भधारणेपासूनच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडे तोंड मिटून राहायची रीत आहे. सासूबाईंचा हेतू मायेचा होता, म्हणून मी त्यांनाही बोलावलं. गावात सांगू नका, पण डॉक्टरांना आणि कामावरच्या एका जबाबदार माणसाला सांगायलाच हवं, एवढं त्यांना पटलं. माझ्या मते ही रीत इथे थोडी वाकवायलाच हवी.

साहेबांशी बोलायची तिला धास्ती होती. घरी बस म्हणतील, हंगामी माणसाचं काय ऐकतात! आम्ही ते बोलणं खोलीत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. रजा मागायची नाही, टेबल बदलून मागायचं: ब्रिक्स (रसात विरघळलेल्या पदार्थांचं मोजमाप), पीएच, नोंदी. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि लेखी अर्ज, पोचपावतीसह. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा 2017 पासून मिळते, आणि त्या रजेत कामावरून काढणं बेकायदा आहे, हेही तिला माहीत नव्हतं. टेबल बदलून मिळालं.

तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी रक्तातल्या शिशाची तपासणी केली. सोनोग्राफी ठीक आली तरी रक्तातलं शिसं त्यात कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर शिसं कुठून येतं ते शोधून थांबवायला हवं. तिचं त्याखाली आलं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नकोस, असं डॉक्टरांनी बजावलं, कारण शरीरात त्यांची कमतरता असली की शिसं जास्त शोषलं जातं.

भीती लगेच गेली नाही. आधीचे आठवडे तिला छळत राहिले. कोणत्याही रसायनाशी संबंध नसतानाही शंभरातल्या दोन-तीन बाळांत जन्मजात दोष आढळतो. उद्या काही झालंच तर ते तुझ्या हातून झालं असं आताच ठरवू नकोस, हे मला तिला अनेकदा सांगावं लागलं. श्वास रोखणं मात्र थांबलं. ॲप्रन ती कारखान्यातच ठेवू लागली आणि चहा लॅबच्या बाहेर पिऊ लागली.

बाळंतपण जुलैअखेर आहे. रजा संपेल तेव्हा पुढचा हंगाम भरात असेल आणि बाळ अंगावर पीत असेल. शिसं दुधातूनही जातं, म्हणून पोलसाठी शिसं नसलेली निवळणी पूड मागवावी, असा अर्ज तिने आणि लॅबमधल्या आणखी दोघींनी सहीनिशी दिला आहे.