सर्व्हरपेक्षा त्यावरचं सॉफ्टवेअर महाग कसं? खरंच कोर मोजून पैसे घेतात का?

हो, घेतात (कोर म्हणजे प्रोसेसरच्या चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). तुमच्या व्हेंडरने गुणाकार बरोबर केलाय. पण जे मशीन आणि लायसन्सचा जो प्रकार त्याने धरला आहे, त्याची तुम्हाला गरज दिसत नाही.

प्रश्न मोठा होता, म्हणून इतरांसाठी थोडक्यात सांगतो. इंदूरला सांवेर रोडवर पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना आहे, ईआरपीवर (खरेदी, स्टॉक, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर) २५ माणसं काम करतात आणि जुना सर्व्हर आता दमलाय. व्हेंडरने प्रत्येकी १६ कोरचे दोन प्रोसेसर असलेलं मशीन सुचवलं. त्यावर विंडोज सर्व्हर आणि एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) लावलं, आणि सॉफ्टवेअरची रक्कम मशीनच्या कितीतरी पट झाली. निम्मे कोर बायॉसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) बंद केले तर लायसन्सही निम्मं होईल का, असंही तुम्ही विचारलंय.

आधी बायॉसचं सांगतो. नाही होणार. मशीनमध्ये जेवढे कोर बसवलेले आहेत तेवढ्यांचं लायसन्स घ्यावं लागतं, तुम्ही ते वापरा किंवा झोपवून ठेवा. मात्र हायपरथ्रेडिंगमुळे, म्हणजे एक कोर दोन असल्यासारखा दिसतो त्यामुळे, टास्क मॅनेजरमध्ये ६४ आकडा दिसला तर घाबरू नका. थेट मशीनवर सॉफ्टवेअर टाकलं तर मोजायचे ते ३२च.

मी इंदूरमध्येच सर्व्हर बसवण्याचं आणि सांभाळण्याचं काम करतो. सांवेर रोड, पिथमपूर, दवा बाजार, सगळीकडे असलीच कोटेशनं पाहायला मिळतात. बरेच मालक अजून जुना नियम धरून बसलेले असतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. २००४ मध्ये, दोन कोरचे साधे प्रोसेसर बाजारात यायच्या आधीच, मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलं होतं की एका चिपमध्ये कितीही कोर असोत, लायसन्स एकाच प्रोसेसरचं लागेल. ते बरीच वर्षं चाललं. मग एका चिपमध्ये आठ, बारा, सोळा कोर मावू लागले, एक प्रोसेसर पूर्वीच्या चार-चार प्रोसेसरचं काम करू लागला आणि विकणाऱ्यांनी मोजमाप बदललं. एसक्यूएल सर्व्हर २०१२ च्या आवृत्तीपासून कोरवर गेलं, विंडोज सर्व्हर २०१६ च्या आवृत्तीपासून. तुमचा जुना सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा असेल तर त्याच्या एका लायसन्समध्ये दोन्ही प्रोसेसर बसत होते. म्हणून आत्ताचा आकडा पाहून डोळे पांढरे होतात.

आता हिशेब. खालचे सगळे भाव मायक्रोसॉफ्टच्या डॉलरमधल्या यादीतले आहेत. तुम्हाला मिळणारा रुपयातला भाव थोडा इकडेतिकडे होईल, वर १८ टक्के जीएसटी, पण प्रमाण हेच राहील.

एसक्यूएल सर्व्हर २०२२ स्टँडर्डचं कोर लायसन्स दोन-दोन कोरच्या पॅकमध्ये मिळतं, एका पॅकला ३,९४५ डॉलर. ३२ कोर म्हणजे १६ पॅक, म्हणजे ६३,१२० डॉलर. आणि खरं वाईट तर पुढेच आहे: २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीचं एक इन्स्टन्स (चालू असलेली एक प्रत) २४ पेक्षा जास्त कोर वापरतच नाही. तुमच्याकडे एकच ईआरपी, एकच इन्स्टन्स. म्हणजे आठ कोरचे पैसे भरायचे आणि डेटाबेस त्यांना हातही लावणार नाही. हे कोटेशन करणाऱ्याने तुम्हाला सांगायलाच हवं होतं.

याच स्टँडर्ड आवृत्तीला दुसरा मार्ग आहे, सर्व्हर अधिक कॅल (कॅल म्हणजे सर्व्हर वापरायचा परवाना, एका माणसाचा किंवा एका डिव्हाइसचा). सर्व्हरचे ९८९ डॉलर आणि वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे २३० डॉलरचं कॅल. २५ माणसांचे ५,७५०, एकूण ६,७३९ डॉलर. यात कोर मोजतच नाहीत. तुमच्या कोटेशनमध्ये हा पर्याय का नाही, हे व्हेंडरला स्पष्ट विचारा.

माणसं वाढली तर काय, हेही पाहून ठेवा. आठ कोरच्या एका प्रोसेसरचं कोर लायसन्स १५,७८० डॉलरला पडतं, म्हणजे ६४ माणसांपर्यंत कॅलच स्वस्त. चार कोरचं मशीन असेल तर ३० माणसांपाशी दोन्ही रकमा जवळजवळ सारख्या होतात. एका प्रोसेसरमागे किमान चार कोरचं लायसन्स घ्यावंच लागतं, त्यामुळे त्याखाली उतरून काही वाचत नाही.

कॅलमध्ये घोडं पेंड खातं ते माणसं मोजताना. ईआरपी स्वतः डेटाबेसशी एकाच लॉगिनने बोलतं, म्हणून एक कॅल पुरेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ईआरपीच्या आडून जेवढी माणसं त्या डेटाबेसपर्यंत पोचतात ती सगळी मोजायची. शॉप फ्लोअरवर तीन पाळ्यांमध्ये एकाच टर्मिनलवर तीन ऑपरेटर बसत असतील तर मात्र माणसाऐवजी त्या टर्मिनलचं, म्हणजे डिव्हाइस कॅल घ्या. तिघांऐवजी एकच लागेल. उद्या डीलरांसाठी वेबसाइट उघडून त्यांना थेट स्टॉक दाखवायचा ठरला, तर वापरणारे मोजताच येणार नाहीत आणि तेव्हा कोर लायसन्सच लागेल. असा विचार असेल तर आत्ताच कमी कोरचं मशीन घ्या.

विंडोज सर्व्हरचं गणित वेगळं आहे. तिथे प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६ कोरचं लायसन्स. २०२५ च्या स्टँडर्ड आवृत्तीचं १६ कोरचं लायसन्स १,१७६ डॉलरला आहे, ३२ कोरना त्याच्या दुप्पट. म्हणजे विंडोजपुरतं बोलायचं तर आठ कोरचा एक प्रोसेसर घेतला काय आणि सोळा कोरचा घेतला काय, पैसे तेवढेच. त्यात दोन व्हर्च्युअल मशीनही (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेली वेगळी मशीनं) चालवता येतात. विंडोजचे कॅल वेगळे लागतात, ते कोणत्याही मशीनला लागणारच.

व्हर्च्युअल मशीनमध्ये एसक्यूएल टाकून चारच कोरचं लायसन्स घ्यायचं, हा सल्लाही तुम्हाला मिळेल. २०२२ च्या आवृत्तीपासून त्यासाठी सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (लायसन्सवर वेगळे पैसे भरून घ्यायची मुदतीची योजना) किंवा सबस्क्रिप्शन लागतं, म्हणजे खर्च एकदाच करून सुटत नाही. २५ माणसांसाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

ईआरपी ओरॅकल या दुसऱ्या कंपनीच्या डेटाबेसवर असेल तर वरचं सगळं गणित बदलतं. तिथली स्टँडर्ड एडिशन २ कोर मोजत नाही, सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसलेल्या जागा, मोजते. एंटरप्राइझ एडिशन कोर मोजते, पण इंटेल-एएमडीच्या कोरला अर्धा धरते. पोस्टग्रेसक्यूएल या फुकट डेटाबेसवर चालत असेल तर लायसन्सचा प्रश्नच मिटला. मात्र ईआरपीवाल्याने लेखी होकार दिल्याशिवाय डेटाबेस बदलायला जाऊ नका.

ऑफिसातल्या साध्या पीसींची काळजी नको. विंडोज ११ प्रो दोन सॉकेटपर्यंत चालतं, लायसन्ससाठी कोर मोजत नाहीत. टॅली वापरत असाल तर तिथेही एक जण की अनेक जण एवढंच पाहतात.

आता मशीन किती मोठं? आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला गेलात तर ‘ले लो भैया, आगे काम आएगा’ हे ऐकायला मिळणारच. घरच्या पीसीला ते चालून जातं, पण सर्व्हरला नको तिथे सोळाच्या वर कोर घेतले की विंडोजचे पैसेही वाढतात. म्हणून आधी जुना सर्व्हर बघा. त्यावर परफॉर्मन्स मॉनिटर (विंडोजमधलंच ताण मोजायचं साधन) लावा आणि महिनाभर चालू ठेवा. जीएसटीची रिटर्न भरायच्या तारखा, जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २०, त्यात येऊ द्या, कारण खरा ताण त्याच दिवसांत पडतो. प्रोसेसरचा आलेख, रिकामी मेमरी आणि डिस्कसमोरची रांग, तिन्ही पाहा. पिथमपूरच्या एका कारखान्यात मालक चोवीस कोरचा सर्व्हर घ्यायला निघाले होते. आलेख काढला तर प्रोसेसर निवांत बसलेला आणि डिस्कसमोर ही रांग. एसएसडी आणि मेमरी वाढवली, आणि स्टॉक लेजर उघडायला लागणारा वेळ लगेच खाली आला. जुन्या फिरत्या डिस्कवर तुमचंही दुखणं तेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

व्हेंडरला असं लिहा: एक सॉकेट, ८ ते १६ कोर पण क्लॉक स्पीड (एकेका कोरचा वेग) जास्त, एसएसडी, भरपूर मेमरी, विंडोज सर्व्हर स्टँडर्ड १६ कोर, विंडोज कॅल २५, एसक्यूएल स्टँडर्ड सर्व्हर लायसन्स एक, एसक्यूएल कॅल २५. प्रत्येक गोष्टीची रक्कम वेगळ्या ओळीत मागा, आवृत्ती आणि नग लिहून. ‘सॉफ्टवेअर पॅकेज’ अशी एकच ओळ आली तर कोटेशन परत पाठवा. आलेख काढलात तर इथेच टाका, मी पाहून सांगतो.