पत्ता बदलला तर ते येतील कुठे?

"मॅडम, आई घर सोडायला तयार नाही. म्हणते, त्यांच्याकडे हाच पत्ता आहे."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेले, नाशिकच्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातले हे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले. वाडा पाडून तिथे इमारत व्हायची होती, बाकीची बिऱ्हाडं कधीच हलली होती. 'त्यांच्याकडे' म्हणजे वडिलांकडे. ते नौदलात होते, आयएनएस खुकरीवर. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने खुकरीवर टॉर्पेडो डागला आणि काही मिनिटांत जहाज बुडालं. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लाही जहाजाबरोबरच गेले. माझ्यासमोर बसलेले हे गृहस्थ तेव्हा आईच्या पोटात होते.

त्यांचा प्रश्न सरळ होता, आणि असा प्रश्न घेऊन येणारे ते पहिले नव्हेत. माणूस हाती लागलाच नाही, देह दिसला नाही, अशा घरात कुणीतरी वाट बघत राहतं. त्या माणसाला 'आता मान्य कर' म्हणावं का? की हा आजार समजून औषध द्यावं?

दुसऱ्या भेटीला आजी आल्या. नऊवारी, ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मी घाई केली, आजही ती आठवली की ओशाळते. विचारलं, "आजी, ते गेले हे तुम्हाला मान्य आहे का?"

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन हयातीचा दाखला देते मी. विधवेची पेन्शन घेते. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर हळूहळू उलगडलं. तारेत 'बेपत्ता' हा शब्द होता. काही जणांना समुद्रातून जिवंत बाहेर काढलं, हेही कानावर आलं होतं. मग यांनाच का नाही? एकोणिसाव्या वर्षी मनात शिरलेला हा प्रश्न कुणी मोडून काढला नाही, आणि तो मोडायला पुरावा तरी कुठून आणणार? राख नाही, अस्थी नाहीत. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत काम करताना पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात अशा दुःखाला वेगळं नाव दिलं. मी त्याला अधांतरी वियोग म्हणते. त्यांचं म्हणणं असं की इथे माणसाला 'गेला' आणि 'येईल' यांतलं एक निवडायला लावू नये, दोन्ही एकाच मनात राहू शकतात. आजी पेन्शनही घेत होत्या आणि कुंकूही लावत होत्या. वेडेपण यात कुठेच नव्हतं. जेवण-झोप सुटली असती, गोळ्या बंद केल्या असत्या, 'मलाही त्यांच्याकडे जायचंय' असं बोलणं सुरू झालं असतं, तर मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

खरी गाठ मुलाच्या मनात निघाली. कुणी तरी त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करायला सांगितलं होतं, पण घरात साधं श्राद्धही कधी झालेलं नव्हतं. आई वाट बघतेय म्हटल्यावर पिंड कुणाला द्यायचा? तिसऱ्या भेटीत, आई बाहेर बाकावर बसलेली असताना, ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी दर सर्वपित्रीला रामकुंडावर जातो. बावीस वर्षं झाली. घरी सांगतो, भाजी आणायला चाललो."

ज्याला कधी पाहिलंच नाही त्या बापासाठी रडायलाही आईची परवानगी लागत होती त्यांना.

मी म्हटलं, हे त्यांना तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही. आजींना आत बोलावलं. मुलाने कसंबसं सांगितलं. आजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दरवर्षी भाजी आणायला जातो आणि पिशवीत ओला पंचा घेऊन येतो. मला काय दिसत नाही?"

आम्ही तिघंही हसलो, आणि मग मुलगा बराच वेळ रडत राहिला.

घराचं काम त्यानंतर सोपं झालं. आजींना 'विसरा' म्हणायचं नव्हतं, त्यांच्या पत्त्याची सोय करायची होती. त्यांनी पोस्टात स्वतः अर्ज दिला: जुन्या पत्त्यावरची टपाल नव्या पत्त्यावर पाठवावी. दारावरची नावाची पाटी उतरवून नव्या फ्लॅटला लावली. दीवला खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. तिथे जायचं का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "बघू. गुडघे काय म्हणतात ते बघू."

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला मात्र त्या मुलाबरोबर रामकुंडावर गेल्या. पाण्यात उतरल्या नाहीत, पिंडाकडेही पाहिलं नाही. पायरीवर बसून राहिल्या. तर्पण आटोपून मुलगा वर आला तेव्हा त्यांनी पिशवी पुढे केली.

"आधी नीट पिळ," म्हणाल्या. "भाजी भिजेल."