डिमांडिंग म्हणजे मागणी असलेलं का?

प्रश्न: ताई नमस्कार, रिझ्युमेत मी लिहिलं होतं की माझं फील्ड खूप डिमांडिंग आहे, म्हणजे मला म्हणायचं होतं की त्यात सध्या भरपूर जॉब आहेत. इंटरव्ह्यूला समोरच्या मॅडमनी विचारलं, मग ताण झेपतो का तुम्हाला? मी गडबडलोच. माझं चुकलं काय?

उत्तर: अहो, ही चूक चांगलं इंग्लिश बोलणाऱ्यांकडूनही होते, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. डिमांड म्हटलं की आपल्याला मागणी आठवते, मागणी म्हटलं की बाजार, आणि मग डिमांडिंग म्हणजे मागणी असलेलं असं आपण धरूनच चालतो. पण इथे मागतंय कोण ते बघा ना. लोक त्या कामाला मागत नाहीयेत, ते कामच तुमच्याकडे मागतंय, वेळ, लक्ष, ताकद, कधीकधी झोपसुद्धा. म्हणजे कस काढणारं काम, पिट्ट्या पाडणारं म्हणा हवं तर. तुमच्या मनात होतं त्याला 'इन डिमांड' म्हणतात. नर्सिंगला दोन्ही लागू पडतं, नर्स हव्याच असतात म्हणून इन डिमांड, आणि रात्रभर उभं राहून एकेका पेशंटकडे बघायचं म्हणून डिमांडिंग.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे अर्थ होता सोपवणं, एखाद्याच्या हाती देणं. कमांड आणि मँडेट हे त्याचेच भाऊबंद. फ्रेंचमध्ये त्याचं मागणं झालं आणि इंग्लिशमध्ये तर हक्काने मागणं.

माणसाला लावताना मात्र जपून हं. डिमांडिंग बॉस म्हणजे कितीही करा, त्याला आणखी हवंच असतं, त्यामुळे जुन्या साहेबांबद्दल इंटरव्ह्यूत हा शब्द नकोच.

आणि मॅडमचा प्रश्न मला योग्यच वाटतो. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की काम खूप मागतं तेवढ्यानेच माणूस पिचत नाही, मागणं जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक कमी, असं झालं की खरा ताण येतो. त्यामुळे रिझ्युमेत 'माय स्किल्स आर इन डिमांड' एवढंच लिहा, आणि ताणाचं परत विचारलं तर एखाद्या अवघड दिवशी तुम्ही काय ठरवलंत आणि काम कसं निभावलंत ते सरळ सांगा.