पुण्यात बीएस्सी करताना अर्थशास्त्र, पर्यावरण जीवशास्त्र आणि वैद्यक या तिन्हींचे विषय कसे निवडावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्सनंतर पुण्यात बीएस्सीला प्रवेश घेतलाय, नदीचं प्रदूषण आणि त्यातून होणारे आजार यावर पुढे काम करायचंय, तर मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) काय घ्यावं, आणि एमबीबीएस न करता वैद्यकातलं काही शिकता येतं का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी. बी. जे. मेडिकलसारखी कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला नाहीत. त्यामुळे पॅथॉलॉजी किंवा फार्माकॉलॉजीचा पेपर तिथे बसून तुमच्या क्रेडिटमध्ये धरता येणार नाही. पण तुमच्या कामाला ते विषय लागतही नाहीत. तुम्हाला लागतं ते सामुदायिक वैद्यक, ज्याला मेडिकलची मुलं पीएसएम म्हणतात: साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, पाणी आणि स्वच्छता. हा भाग पुढे एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) मिळतो, आणि त्याचे ऑनलाइन कोर्स पदवीच्या काळातही करता येतात.

आता मेजर. तुम्ही मेजर पर्यावरणशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घ्या, मायनर संख्याशास्त्र आणि ओपन इलेक्टिव्हमध्ये अर्थशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं, आणि अर्थशास्त्र सहसा मानव्यविद्येत येतं, त्यामुळे ते नियमात बसतं. क्रम असा ठेवण्याचं कारण सरळ आहे. प्रयोगशाळेत हात बसायला वर्षं लागतात आणि ती संधी पदवीनंतर सहज मिळत नाही. अर्थशास्त्र मात्र गणित पक्कं असेल तर पुढेही उचलता येतं. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे 15 तास किंवा प्रॅक्टिकलचे 30 तास. म्हणजे दोन क्रेडिटच्या ओपन इलेक्टिव्हमध्ये 30 तासांत मागणी-पुरवठा, लवचिकता आणि फार तर बाजाराचं अपयश एवढंच होतं. त्याच्या जोरावर एमएस्सी इकॉनॉमिक्सच्या प्रवेश परीक्षेला बसू नका. गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी जायचं मनात असेल तर कॅल्क्युलस आणि सूक्ष्म अर्थशास्त्र वेगळं करावं लागेल. बारावीला गणित सोडलं असेल तर पहिल्या वर्षीच ते भरून काढा.

विषयाचं नाव बघून निवड करू नका, ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना. ‘शाश्वत विकास’, ‘पर्यावरण आणि समाज’, ‘आरोग्य जागृती’ ही नावं छान वाटतात, पण अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून बघा. त्यात काय मोजायला शिकवणार, कुठलं गणित करून घेणार, प्रॅक्टिकल किती, हे लिहिलेलं नसेल तर तो पेपर तुमच्या फारसा कामाचा नाही. तिन्ही क्षेत्रांतून मोजमाप शिकवणारा किमान एक विषय हवा.

पर्यावरण जीवशास्त्रात असा विषय म्हणजे पाण्याचं विश्लेषण, आणि त्यात बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप, नीट यायलाच हवी. 300 मिलिलिटरची बाटली, 20 अंशांवर 5 दिवस अंधारात (भारतीय मानकात 27 अंशांवर 3 दिवस), सुरुवातीचा आणि शेवटचा विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने (आयोडीनच्या टायट्रेशनने) मोजायचा. मुठेचं उन्हाळ्यातलं पाणी पातळ न करताच बाटलीत भरतात, बहुतेक चूक इथेच होते. समजा सुरुवातीला ऑक्सिजन 5 मिलिग्रॅम प्रतिलिटर होता आणि पाचव्या दिवशी शून्य. मुलं जर्नलमध्ये बीओडी 5 लिहून मोकळी होतात. प्रत्यक्षात ऑक्सिजन दुसऱ्याच दिवशी संपला असेल आणि खरी बीओडी 50 असेल. म्हणून पाणी पातळ करायचं. बाटलीत 15 मिलिलिटर नमुना, बाकी हवा खेळवलेलं डायल्युशन वॉटर. सुरुवात 7.8, शेवट 5.3. फरक 2.5, नमुन्याचं प्रमाण 0.05, म्हणून बीओडी 50. शेवटी किमान 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन उरला पाहिजे आणि किमान 2 मिलिग्रॅम खर्च झाला पाहिजे, नाहीतर तो आकडा बाद. एकाच नमुन्याची तीन वेगवेगळी प्रमाणं लावा, एखादी तरी या चौकटीत बसते.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. बुचाखाली हवेचा बुडबुडा राहतो आणि शेवटचं रीडिंग जास्त येतं. टायट्रेशनमध्ये स्टार्च लवकर टाकतात. द्रावण फिकट पिवळं झाल्यावरच टाका, नाहीतर आयोडीन स्टार्चला धरून बसतं आणि एंड पॉइंट ओढल्यासारखा लांबतो. क्लोरीन दिलेलं पाणी असेल तर त्यातले जिवाणू मेलेले असतात, क्लोरीन निष्प्रभ करून बाहेरून सीड, म्हणजे जिवंत जिवाणू असलेलं थोडं पाणी, घालावं लागतं. आपली पद्धत बरोबर आहे का हे बघायला ग्लुकोज आणि ग्लुटामिक ॲसिड प्रत्येकी 150 मिलिग्रॅम प्रतिलिटर असलेलं द्रावण लावा. उत्तर 198 च्या आसपास, 30 इकडे-तिकडे, यायला हवं. ज्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये हे करून घेतात तिथला पर्यावरणशास्त्राचा कोर्स चांगला समजा.

बीओडीवरून रोगजंतू कळत नाहीत, हे मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. बीओडी अगदी कमी असलेलं विहिरीचं पाणीही माणसाला आजारी पाडू शकतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलियन बॅरे सिंड्रोमची (पोटाच्या संसर्गानंतर हातापायांतली ताकद जाणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली, तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे गेलं. अशा वेळी लागतो तो पीएसएमचा धडा. विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची हे हॉरॉक्सच्या संचावरून काढतात. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी घेऊन ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचे वाढते थेंब घालायचे, अर्धा तास थांबायचं, मग इंडिकेटर टाकायचा. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग दिसतो त्याच्या क्रमांकाला दोनाने गुणायचं, तितके ग्रॅम 455 लिटरला. तिसरा कप निळा झाला तर 6 ग्रॅम. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते साधारण 62,800 लिटर होतं, म्हणजे जवळजवळ 830 ग्रॅम पावडर. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसायचं नाही. जुनी, उघडी पडलेली पावडर क्लोरीन गमावून बसते, म्हणून परीक्षा ज्या डब्यातली पावडर टाकणार त्याच पावडरने करायची.

साथीचा शोध घेणं हे त्याहून अवघड, आणि साथरोगशास्त्राच्या पेपरचं खरं मोल तिथे आहे. केस-कंट्रोल अभ्यासात रुग्णांशी तुलना करायला निरोगी माणसं निवडावी लागतात. ती रुग्णाच्याच सोसायटीतली निवडली तर सगळे एकाच टाकीचं पाणी पिणारे निघतात. ऑड्स रेशो (रुग्ण आणि निरोगी यांच्यातल्या फरकाचं माप; 1 म्हणजे फरक नाही) 1 च्या आसपास येतो आणि पाणी निर्दोष ठरतं, प्रत्यक्षात ते दूषित असलं तरी. उलट खूप लांबची माणसं घेतली तर राहणीमानाचाच फरक मोजला जातो. शिवाय पोट बिघडल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी हातापायांतली ताकद जायला लागते. तोवर कुठलं पाणी प्यायलो, कुठे चिकन खाल्लं हे नीट आठवत नाही, आणि आजारी माणूस निरोग्यापेक्षा जास्त आठवून सांगतो.

अर्थशास्त्राला तुमच्याच नदीचं उदाहरण पुरेसं आहे. मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं आणि पुढे उजनीत जातं. सांडपाणी पुण्याचं, त्रास इंदापूर-सोलापूरकडच्यांना. बाह्य परिणाम या संकल्पनेसाठी याहून जवळचं उदाहरण शोधायची गरज नाही. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून आखलेल्या प्रकल्पात एकूण 396 एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमतेची 11 मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं आणि सुमारे 990 कोटींचा मूळ खर्च होता. असा खर्च परवडतो का, हे ठरवताना सगळा खेळ डिस्काउंट दराचा, म्हणजे पुढचा फायदा आजच्या किमतीत आणायच्या दराचा, असतो. 20 वर्षांनी मिळणाऱ्या 1 कोटीच्या फायद्याची आजची किंमत 3 टक्के दराने 55 लाख भरते, 8 टक्के दराने फक्त 21 लाख. दर बदलला की हाच प्रकल्प फायद्यातून तोट्यात जातो. म्हणून कुठल्याही अहवालात आधी तो दर शोधा. दुसरी सर्रास चूक म्हणजे दुहेरी मोजणी. वाचलेल्या निरोगी आयुष्याची किंमत रुपयांत धरली, आणि त्याच लोकांची बुडालेली मजुरी वेगळी जोडली, तर तोच फायदा दोनदा येतो.

आता मायनर संख्याशास्त्रच का, ते सांगतो. अर्थशास्त्रात ज्याला डिफरन्स-इन-डिफरन्सेस म्हणतात, तीच रचना पर्यावरणशास्त्रात ‘बाकी’ (BACI) म्हणून येते: आधी-नंतर, नियंत्रण-परिणाम. आणि 1854 च्या लंडनमधल्या कॉलऱ्यात जॉन स्नोने दोन पाणी कंपन्यांच्या ग्राहकांची तुलना केली ती याच विचाराची. मैलापाणी केंद्र सुरू होण्याआधी आणि नंतर, त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला मोजायचं, आणि दोन्ही बाजूंच्या बदलातला फरक काढायचा. आधीचे नमुने मे महिन्यातले आणि नंतरचे ऑगस्टमधले घेतले तर खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने नदी आपोआप पातळ झालेली असते आणि श्रेय केंद्राला मिळतं. निव्वळ आधी-नंतरच्या तुलनेत हे पकडता येत नाही. वरच्या बाजूचं मोजमाप असलं तरच कळतं, तेही दोन्ही वेळा एकाच हंगामात घेतलेलं असेल तर जास्त खात्रीने. हे गणित एकदा पक्कं झालं की तिन्ही विद्याशाखांतले शोधनिबंध वाचता येतात. आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या सेमिस्टरपासून त्यातच गणितं करा.

कागदोपत्री दोन-तीन गोष्टी सांभाळा. मायनर घेण्याआधी वेळापत्रक मागा. प्रॅक्टिकलची बॅच दुपारी असते आणि मायनरचं लेक्चर त्याच वेळेला आलं तर हजेरी एकीकडे बुडतेच. इलेक्टिव्हला पुरेशी मुलं आली नाहीत तर तो पेपर चालवत नाहीत, म्हणून दुसरी पसंती विचार करून लिहा. स्वयम या सरकारी पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स एका सेमिस्टरच्या 40 टक्क्यांपर्यंत धरता येतात, पण कॉलेजची परवानगी कोर्सला नाव नोंदवण्याआधी घ्या, निकालानंतर नाही. त्यातल्याच एनपीटीईएलच्या 12 आठवड्यांच्या कोर्सला सहसा 3 क्रेडिट मिळतात, आणि प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 असे दोन्ही गुण वेगवेगळे लागतात. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के किंवा 7.5 सीजीपीए लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षाचे इंटर्नलही हलक्यात घेऊ नका.