घरच्या सिम्युलेटरसाठी फ्लाइट प्लॅनिंगचं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? पैसे मोजायलाच हवेत का?

आधी तुम्ही काय उडवता ते बघा. सेस्ना १७२सारखं छोटं विमान घेऊन मुंबईहून पुण्याकडे घाट बघत जायचं असेल, तर लिटल नॅव्हमॅप डोळे झाकून घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मायक्रोसॉफ्टच्या सिमबरोबर चालतं आणि एक्स-प्लेनबरोबरही. मुख्य म्हणजे ते तुमच्याच सिममधला डेटा वाचतं. त्यामुळे नकाशावर दिसणारी धावपट्टी सिममध्येही असतेच. मार्गाखालच्या डोंगरांची उंची तळाच्या आलेखात दिसते. सह्याद्री ओलांडताना त्याचं मोल कळतं.

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७सारखी प्रवासी जेट उडवत असाल तर सिमब्रीफ ही वेबसाइट. खातं फुकट मिळतं. इंधन, वजन, पर्यायी विमानतळ, वारा असं सगळं धरून खऱ्या वैमानिकांना मिळतो तसा कागद हातात येतो. फ्लायबायवायर या गटाने सिमसाठी बनवलेल्या ए३२०मध्ये तर तो प्लॅन थेट ओढून घेता येतो, टंकत बसायला नको.

गोम एकच. नेव्हिगेशनचा डेटा, म्हणजे हवाई मार्ग आणि त्यांवरचे नाव दिलेले पॉइंट, दर २८ दिवसांनी बदलतो आणि फुकट खात्यात तो जुना असतो. प्लॅन एका आवृत्तीचा आणि विमानातला डेटा दुसऱ्या आवृत्तीचा असला की एखादा पॉइंट टाकताना ‘नॉट इन डेटाबेस’ असा टोमणा ऐकावा लागतो. मी अशा वेळी तो पॉइंट सरळ गाळून पुढच्यावर जातो. ऑनलाइन एटीसीसोबत, म्हणजे इंटरनेटवरून सूचना देणाऱ्या हवाई नियंत्रकांसोबत, नियमित उडू लागलात, तरच ताजा डेटा देणाऱ्या नॅव्हिग्राफची वर्गणी भरा.